आधी अंधार, मग प्रोजेक्टर : घरच्या थिएटरची खोली कशी आखावी

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. त्याला फक्त उजेड टाकता येतो. सिनेमात रात्रीचा प्रसंग आला की स्क्रीनवरचा काळोख म्हणजे प्रोजेक्टरने जिथे काहीच टाकलेलं नाही अशी जागा. तिथे तुम्हाला दिसते ती खोलीत उरलेल्या उजेडातली पांढरी स्क्रीन. दिवे बंद करा, खिडक्या लावा आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघा. ती जेवढी राखाडी दिसते त्याहून काळं तुमच्या घरात काही दिसणार नाही, मग प्रोजेक्टर कितीही भारी आणा.

म्हणून कामाचा क्रम असा धरा: खोली, माप, अंधार, हवा आणि वायरिंग, आवाज, आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. दिवाळीच्या सेलमध्ये प्रोजेक्टर घरी येतो आणि मग तो कुठल्या भिंतीवर लावायचा यावर घरात चर्चा सुरू होते. ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. मापं आणि उदाहरणं सांगली-मिरजेकडच्या घरांची आहेत. सातारकरांना जिथे वेगळं करावं लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

खोली कुठली घ्यावी

जुना वाडा असेल तर डोळे मिटून माजघर घ्या. भिंती जाड, खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावल्याशिवाय दिसत नाही अशी ती जागा. एरवी याच गोष्टींसाठी माजघराला नावं ठेवली जातात, पण थिएटरला नेमकं तेच लागतं. जाड भिंतीमुळे आवाजही बाहेर कमी जातो. फक्त मातीच्या भिंतीतली ओल आणि जुनं वायरिंग आधी बघून घ्या.

बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये लोकांचा डोळा असतो गच्चीवरच्या खोलीवर. ती रिकामी असते आणि घरच्यांना त्रास होत नाही, हे खरं. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता आत सोडत राहतो, म्हणजे नेमकी तुमची सिनेमाची वेळ. वर पत्रा असेल तर पावसाळ्यात संवाद ऐकूच येणार नाहीत. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वरकडे, पत्र्याखाली थिएटर करण्याचा विचार सरळ सोडून द्या.

तळमजला थंड असतो, पण सांगलीत तळमजला म्हटलं की कृष्णेला विचारावं लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. 2021 च्या जुलैमध्ये ते पुन्हा चढलं. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, शामरावनगर इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पूररेषेत घर असेल तर थिएटर पहिल्या मजल्यावरच करा. तळमजल्याशिवाय जागाच नसेल तर भिंतीला कायमचं चिकटवलेलं काही करू नका. पडदे, पॅनेल, स्पीकर सगळं अर्ध्या तासात उचलून वर नेता आलं पाहिजे.

खिडकीची दिशा हा यातला दुर्लक्षित भाग आहे. पश्चिमेची खिडकी वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. उत्तरेची खिडकी मात्र 'सावलीची' समजून सोडून देतात, आणि ती आपल्या भागात उन्हाळ्यात फसवते. सांगली साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला झुकलेला असतो. जूनमध्ये तो मावळतो तोही पश्चिमेपासून जवळजवळ 25 अंश उत्तरेकडे सरकून. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून संध्याकाळी तिरपं ऊन आत येतं. डिसेंबरात खोली बघून 'इकडे ऊनच नाही' असं ठरवू नका.

आणि स्वतंत्र खोली नसेल, फक्त हॉल असेल तर? तर प्रोजेक्टरचा नाद सोडा आणि त्याच पैशात मोठा टीव्ही घ्या. हॉलमध्ये देवघराचा दिवा असतो, स्वयंपाकघरातून उजेड येतो, माणसं ये-जा करतात. अशा ठिकाणी 65 किंवा 75 इंची टीव्ही प्रोजेक्टरपेक्षा शंभर टक्के चांगला दिसतो. माझं हे मत ऐकून काही जण नाराज होतात, पण पैसे वाया गेल्यावर होणाऱ्या नाराजीपेक्षा हे बरं.

कागदावर माप

10 बाय 14 फुटांची खोली धरू, कारण बहुतेकांकडे याच्या आसपासचीच असते. स्क्रीन 10 फुटी भिंतीवर. 100 इंची स्क्रीन म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 100 इंच. तिची रुंदी येते 87 इंच आणि उंची 49 इंच. भिंत 120 इंचांची, म्हणजे दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच उरले. तेवढ्यात स्पीकर उभे राहतात. 120 इंची स्क्रीन घेतलीत तर रुंदीच 105 इंच होते आणि स्पीकरला जागा राहत नाही. इतक्या खोलीत 100 इंच पुरे.

बसायचं किती लांब? स्क्रीनच्या मापाच्या सव्वापट ते दीडपट. 100 इंचाला साधारण 10 ते 12 फूट. आपल्या खोलीत 10 ते साडेदहा फुटांवर सोफा ठेवा, म्हणजे पाठीमागे साडेतीन-चार फूट राहतात. सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ढोलासारखा बास घुमतो. दोन रांगा बसवायचा मोहही टाळा.

स्क्रीनची खालची कड जमिनीपासून 26 इंचांच्या आसपास. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा 40-42 इंचांवर येतो आणि तो स्क्रीनच्या खालच्या एक तृतीयांश भागासमोर असला की मान अवघडत नाही. टीव्हीसारखी उंच टांगलेली स्क्रीन बघून तासाभरात मान धरते.

आता वर बघा. स्लॅबमध्ये बरोबर मध्यभागी पंख्याचं कडं असतं, आणि प्रोजेक्टर बहुधा त्याच्या मागे लागतो. उजेडाचा झोत पंख्याच्या पात्यांतून गेला की चित्र फडफडतं. हे प्लॅनवर दिसत नाही, पहिल्या दिवशी दिसतं. एक तर मध्यातला पंखा काढून मागे भिंतीवरचा पंखा लावा, नाही तर प्रोजेक्टर रॉडने इतका खाली घ्या की झोत पात्यांच्या खालून जाईल. रॉड खाली घेतला की उठणाऱ्याचं डोकं मध्ये येतं, म्हणून मला भिंतीवरचा पंखा बरा वाटतो.

दुपारी एकची तपासणी

अंधार करायचं सामान आणण्याआधी एक काम करा. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास खोलीत जा. खिडक्या, दार सगळं लावा, आहेत ते पडदे ओढा. शेजारच्या खोलीतली ट्यूब चालू ठेवा. खाली बसा आणि निदान पंधरा मिनिटं मोबाईलला हात लावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला 'छान अंधार आहे' वाटणारी खोली दहाव्या मिनिटाला चाळणीसारखी दिसायला लागते.

मग एकेक गोष्ट समोर येते. दाराखाली पांढरी रेघ. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये गिलावा सुटलाय तिथे केसाएवढी फट. एसीचा पाईप जिथून बाहेर गेलाय त्याभोवती चंद्रकोर. स्लायडिंग खिडकीच्या दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे उभी पट्टी, आणि खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी जायला ठेवलेली भोकं. स्विचबोर्डावरचे लाल इंडिकेटर, स्टॅबिलायझरचे आकडे, राउटरचा हिरवा ठिपका. एखादं भोक अगदी बारीक आणि गोल असेल तर समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसेल: वर डांबर, खाली आभाळ, आणि त्यातून उलटी जाणारी रिक्षा. पोरांना बोलावून दाखवा, भोक नंतर बुजवा.

प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करा. या खुणा म्हणजे तुमची खरेदीची यादी. इंडिकेटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा, पाईपभोवती एसीवाल्याची पुट्टी, चौकटीच्या फटीत लांबी किंवा अॅक्रिलिक सीलंट. निम्मी यादी इथेच संपते. गवंडी किंवा सुतार म्हणेल, "काय होतंय वो दादा, एवढी फट चालतीय की." त्याच्या कामात चालते. तुमच्या खोलीत दुपारच्या उन्हाला बोटभर फट म्हणजे छोटा बल्ब.

खिडकी: फळी आणि पडदा, दोन्ही

नुसत्या ब्लॅकआउट पडद्याने खोली काळी होत नाही. कापडातून उजेड येत नाही, तो कडेने येतो. त्यात रिंगांचे पडदे सगळ्यात वाईट, कारण लाटांमधून वर सरळ उजेड छताला जातो आणि छतावरून सगळ्या खोलीत पसरतो.

म्हणून खिडकीत आधी काढता-घालता येणारी फळी बसवा. 6 मिमी प्लाय चालतो. खिडकी मोठी असेल तर वजनाला हलका म्हणून 5 मिमीचा सनबोर्ड (फोमसारखा हलका बोर्ड). माप घेताना खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्या आणि उंचीही तशीच, कारण आपल्या बांधकामात काटकोन हा अंदाजाचा विषय आहे. सगळ्यात लहान मापातून 4 मिमी कमी करून फळी कापा आणि कडेला फोमची चिकटपट्टी लावा. ती दाबून बसते आणि वाकडेपणा भरून काढते. ग्रील किंवा मच्छरजाळीमुळे फळी चौकटीत बसत नसेल तर ती दोन-दोन इंच मोठी करा आणि भिंतीवर चारी बाजूंनी टेकवून चुंबकाने किंवा छोट्या कड्यांनी धरा.

फळीची बाहेरची बाजू पांढरी ठेवा, आतली काळी. हे सौंदर्यासाठी नाही. बाहेरून काळी केली की ती ऊन पिते, काच आणि फळी यांच्यामधली हवा तापते आणि काच असमान तापून तडकू शकते. काच आणि फळी यांच्यात दोन-तीन बोटं अंतर सोडा. काचेला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात. अंधार होतो, पण काचेवर तसाच ताण येतो आणि बाहेरून घर बंद पडल्यासारखं दिसतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी टाकली तर उष्णता काचेपर्यंत येण्याआधीच अडते.

खिडकी विटांनी बुजवू नका. खोली पुढे कुणाला झोपायला लागेल, आणि आग लागली तर बाहेर पडायची ती वाट आहे. त्याच कारणासाठी फळी आतून, स्क्रूड्रायव्हरशिवाय, एका ओढीत निघाली पाहिजे. हाताला धरायला मजबूत नाडी लावा.

फळीवरून पडदा. दुकानात कापड बघताना मोबाईलची टॉर्च लावा आणि कापड घट्ट ताणून टॉर्चवर दाबा. सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर ते कापड सोडा. लेप दिलेलं कापड असेल तर एक कोपरा चुरगाळून मग पुन्हा टॉर्च लावा, लेप फुटतो का ते तिथेच कळतं. शिंप्याला सांगा की जोड जिथे येईल तिथे शिलाईच्या भोकांची रांग दिसते, म्हणून दुहेरी दुमड घाला किंवा मागून काळी पट्टी मारा. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना निदान 9 इंच जास्त आणि खाली जमिनीपर्यंत. वर उघडा रॉड ठेवू नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेल्मेटची पेटी करून ट्रॅक तिच्यात लपवा.

व्हेंटिलेटर आणि दार

व्हेंटिलेटर बंद करून टाकावासा वाटतो. करू नका. चार माणसं, बंद खोली, अडीच तास, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तो आतलीच फिरवतो. मध्यंतराला डोकं जड होतं ते त्यामुळे. व्हेंटिलेटरला उजेड अडवणारी पेटी करा. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये हीच युक्ती असायची: हवेला वळता येतं, उजेडाला येत नाही.

व्हेंटिलेटर 2 फूट रुंद असेल तर तेवढीच रुंद, 9 इंच खोल आणि व्हेंटिलेटरच्या खाली फूटभर जाणारी प्लायची पेटी आतून भिंतीला बसवा. पेटीच्या आत बरोबर मध्यभागी एक आडोसा वरून सोडा, तो तळापासून 4 इंच वर संपेल असा. पेटीची पुढची बाजू म्हणजे दुसरा आडोसा. तो तळापासून उभा आणि वर 4 इंच उघडा. हवा व्हेंटिलेटरमधून येते, पहिल्या आडोशाखालून वळते, वर चढते आणि खोलीत उतरते. उजेडाला इतकी वळणं घेताना दर वेळी काळ्या फळीवर आपटावं लागतं आणि तो तिथेच जिरतो. पण त्यासाठी आतून रंग चमकदार नको. हार्डवेअरच्या दुकानात शाळेच्या फळ्याचा काळा रंग मागा, तो मिळेल तितका निस्तेज असतो. ऑइल पेंटचा काळा लावलात तर तो आरशासारखा उजेड पुढे ढकलतो.

अशा पेटीच्या मागे 6 इंची एक्झॉस्ट सहज बसतो. हवा बाहेर टाकायची तर आत यायलाही वाट हवी. दुसरा व्हेंटिलेटर असेल तर त्याला पंख्याशिवाय तशीच पेटी करा.

दाराला खाली ब्रशची पट्टी, चौकटीला रबराची बीडिंग. दार हॉलमध्ये उघडत असेल तर आतून दारापासून दीड-दोन फुटांवर एक जाड पडदा सोडा, जुन्या टॉकीजमध्ये असायचा तसा. कुणी पाणी प्यायला उठलं की दार उघडल्यावरचा झोत त्या पडद्यावर थांबतो.

स्क्रीनचा उजेड परत येतो

इथपर्यंत बाहेरचा उजेड थांबला. आता खोलीतला सगळ्यात मोठा दिवा उरतो, तो म्हणजे स्वतः स्क्रीन. स्क्रीनवरचा पांढरा भाग छतावर, बाजूच्या भिंतींवर, फरशीवर उजेड टाकतो आणि ते सगळे तो उजेड स्क्रीनला परत करतात. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाहून अधिक परत पाठवते. मॅट काळा रंग पाच टक्क्यांच्या आसपास आणि काळी मखमल एखादा टक्का. रात्री बारा वाजता खिडकीत उजेड नसतानाही पांढऱ्या खोलीत काळं फिकट दिसतं ते यामुळे.

सगळी खोली काळी करायची गरज नसते. महत्त्व कशाला हे असं धरा: पहिलं छत, स्क्रीनपासून निदान पाच फूट. मग बाजूच्या भिंतींचा तेवढाच भाग. मग स्क्रीनच्या मागची भिंत. मग फरशी. मागची भिंत सगळ्यात शेवटी. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर स्क्रीनचं अख्खं प्रतिबिंब दिसतं, तिथे गडद जाजम अंथरा. पीओपीचं फॉल्स सीलिंग पांढरं ठेवून त्यात निळे एलईडी घालायची टूम आहे. थिएटरच्या खोलीत हे करणारा डिझायनर सिनेमा बघत नसावा.

रंगात काळा, कोळशासारखा राखाडी, फार गडद निळा चालतो. फिनिश मॅट, म्हणजे हात फिरवला तर खडूसारखा कोरडा लागेल असा. लाल, हिरवा टाळा, कारण परत येणारा उजेड त्याच रंगाचा होतो आणि माणसांचे चेहरे त्या छटेत दिसतात.

आता घरातला विरोध. "राहत्या घरात काळं छत?" हा प्रश्न आजी विचारणार, सासूबाई विचारणार, वास्तुशास्त्र ऐकलेला एखादा काका नक्की विचारणार. वाद घालण्यापेक्षा नाटकवाल्यांकडे बघा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक सांगलीत केलं, आणि रंगमंचावरच्या काळ्या विंगा, वरची काळी झालर इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. तसंच करा. बाजूच्या भिंतींवर छताला ट्रॅक लावून काळ्या मखमलीचे पडदे ठेवा. एरवी ते मागे कोपऱ्यात गोळा करून ठेवायचे, सिनेमाच्या वेळी स्क्रीनपर्यंत ओढायचे. छतासाठी हलक्या लाकडी चौकटीवर मखमल ताणून दोन-तीन पॅनेल टांगा. खोली दिवसा नेहमीसारखी दिसते आणि आजीही बसायला येते. मखमल घेताना तिचे केस वर-खाली दोन्ही दिशांनी हाताने फिरवून बघा. एका दिशेने ती जास्त काळी दिसते, तीच दिशा धरून शिवून घ्या.

मखमल महाग वाटत असेल तर आपल्या भागात आणखी एक गोष्ट मिळते, जी पुण्या-मुंबईच्या इंटिरियरवाल्याला सुचणार नाही: काळी घोंगडी. जत, आटपाडी, माणदेशाकडची, काळ्या मेंढीच्या लोकरीची. तिच्यावर चमक नसते, ती उजेड पिते, थोडा आवाजही पिते, आणि लोकर सिंथेटिक कापडासारखी भडकन पेटत नाही. बाजूच्या भिंतीवर दोन घोंगड्या टांगल्या की रंगाचा आणि आवाजाचा असे दोन प्रश्न निम्मे सुटतात. वास पंधरा दिवस राहतो, ऊन दाखवा. कसरीसाठी डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला ठेवा. साताऱ्याच्या ओल्या पट्ट्यात कापड, मखमल किंवा घोंगडी भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंच मोकळे सोडून टांगा, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात मागे बुरशी.

वायरिंग

गिलावा फुटायचा असेल तर रंगाच्या आधी. प्रोजेक्टरपासून उपकरणांच्या कपाटापर्यंत दीड-दोन इंची पाईप टाका. नेहमीच्या पाऊण इंची पाईपमधून एचडीएमआयचं डोकं जात नाही आणि वायरमन ते तोडून जोडून देतो म्हणाला तर त्याला थांबवा. वळणं मोठी घ्या आणि पाईपमध्ये ओढायला एक रिकामी तार ठेवून द्या. 10 मीटरच्या वर एचडीएमआय जाणार असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. तिला दिशा असते, कुठलं टोक प्रोजेक्टरकडे ते वाचून मग ओढा. स्पीकरच्या वायरी विजेच्या वायरीपासून वेगळ्या पाईपमधून, निदान फूटभर लांब.

खोलीला वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. कृष्णाकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि स्पीकरमधून घुंघुं ऐकू यायला लागतं. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत जा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर लाईट गेल्यावर त्याचा आतला पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. त्यासाठी छोटा यूपीएस पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. आणि एक बॅटरीचा दिवा दारापाशी हवाच. इतकी कष्टाने काळी केलेली खोली लाईट गेल्यावर किती काळी होते ते तेव्हा कळतं.

खोलीतले दिवे मागच्या भिंतीकडे तोंड करून, डिमरवर, पिवळसर. स्क्रीनच्या बाजूला एकही नको. बटण सोफ्याजवळ आणि दाराजवळ, टू-वे.

एसीचा हिशेब सोपा. प्रोजेक्टरचे 300 वॉट, चार माणसांचे प्रत्येकी 100 वॉट, म्हणजे 700 वॉटची उष्णता. एक टनाचा एसी साधारण 3500 वॉट बाहेर टाकतो. नेहमीच्या खोलीच्या मापात पाव टनाची भर धरा.

आवाजाचं थोडक्यात

हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण आखणीच्या वेळी दोन गोष्टी कळायला हव्यात. आपल्या खोल्यांची उंची 10 फूट आणि रुंदीही 10 फूट असते. दोन्ही मापांत 56 हर्ट्झच्या आसपास एकच सूर घुमतो आणि दोन्ही एकमेकांना जोर देतात. म्हणून काही ठरावीक स्फोट छाती दणाणून सोडतात आणि बाकीचे फुसके वाटतात. वूफर कोपऱ्यात ठेवून देण्याआधी तो सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे वूफर. घरचे हसतील, हसू द्या.

दुसरं, अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला लावून आवाज शेजारी जायचा थांबत नाही, फक्त पेटायला सामान वाढतं. आवाज अडवायला वजन लागतं: भरीव दार, बंद फटी. अंधारासाठी तुम्ही बुजवलेल्या फटी इथेही कामाला येतात.

आता प्रोजेक्टर

उजेड मोजतात ल्यूमेनमध्ये. सिनेमागृहात पडद्यावर दर चौरस फुटाला साधारण 16 ल्यूमेन उजेड धरतात. 100 इंची स्क्रीन 30 चौरस फुटांची. गुणाकार येतो 480 ल्यूमेन. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा चित्राच्या चांगल्या मोडमध्ये उजेड बराच कमी मिळतो, आणि दिवा जुना होताना निम्म्यावर येतो. हे सगळं धरूनही खरे 1000 ते 1500 ल्यूमेन काळ्या खोलीत भरपूर झाले. खोक्यावर नुसतं '9000 ल्यूमेन' लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. एएनएसआय किंवा आयएसओ ल्यूमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर तेच उत्तर समजा. 'फोर-के सपोर्ट' म्हणजे तो फोर-के सिग्नल घेतो एवढंच. चित्र किती बारकाईचं पडणार ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' सांगतं, आणि ते 1920 बाय 1080 च्या खाली नको.

थ्रो रेशो बघा: अंतर भागिले चित्राची रुंदी. 1.3 असेल तर 87 इंच रुंदीला 113 इंच, म्हणजे साडेनऊ फूट. 1.5 असेल तर अकरा फूट. पंख्याचं कडं, वायरींचा पाईप आणि सोफा कुठे आहे ते कागदावर आहेच, त्यात बसणारा प्रोजेक्टर घ्या. वाकडा लावून कीस्टोनच्या सेटिंगने चित्र सरळ करायची सवय लावू नका, त्यात बारकावे मरतात.

स्क्रीनच्या कपड्याला फार पैसे घालू नका. काळ्या खोलीत साधी मॅट पांढरी, 1.0 गेनची (गेन म्हणजे स्क्रीन समोर किती उजेड परतवते त्याचा आकडा) स्क्रीन सगळ्यात चांगली दिसते. उजेड परतवणाऱ्या महागड्या स्क्रीन उजेड असलेल्या खोल्यांसाठी असतात.

सगळं बसल्यावर अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा असं चित्र लावा आणि सोफ्यावरून काळ्या अर्ध्याकडे बघा. घरातल्या कुणाला तरी छतापाशी, मग भिंतीपाशी, मग फरशीवर एक काळी शाल धरायला सांगा. शाल जिथे धरली असता काळा भाग ठळकपणे गडद होतो, तिथे अजून कापड कमी आहे. हीच तपासणी जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी, संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा करा. उत्तरेच्या खिडकीची फोमपट्टी तेव्हाच खरी तपासली जाते.